बाबांची काठी, म्हणजे तशी माझीच

आमच्या घरात नव्या वस्तूचं प्लास्टिक काढत नाहीत. टीव्हीचा रिमोट प्लास्टिकमध्ये आहे, फ्रिजचं हँडल प्लास्टिकमध्ये आहे, आणि माझा अकरावीतला कॅल्क्युलेटर इतका जपून ठेवलाय की त्यावरचा सात कुठला आणि नऊ कुठला हे मला अंदाजानेच ओळखावं लागतं. आईचं म्हणणं, वस्तू जुनी झाली की काढू. (जुनी झाली की ती म्हणते, इतके दिवस टिकलंय तर आता राहू दे!)

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात काठीचा काही दोष नव्हता.

बाबा खडकीला कारखान्यात आहेत. मूळचे आम्ही वर्ध्याकडचे. यंदा उन्हाळ्यात तिकडे मोठ्या काकांच्या मुलीचं लग्न निघालं आणि नेमका त्याच सुमारास बाबांचा उजवा गुडघा धरला. डॉक्टर म्हणाले, "प्रवास करा, पण काठी घेऊन."

"काठी टेकत भावाच्या दारात जाऊ मी?" घरी आल्यावर बाबा कडाडले. "तो माह्याहून मोठा हाय, अन् अजून बैलासारखा चालते! गावातले म्हनतीन, पुन्याला गेला अन् लंगडा होऊन आला!"

"अन् मांडवात पडले तं काय म्हनतीन?" आईने विचारलं.

मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. आमच्या खानदानात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे कुकरच्या शिट्टीपासून बँकेच्या मेसेजपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडेच येतात. मी अर्थशास्त्र शिकते, हे मी अनेकदा सांगून पाहिलंय. "मंग? शास्त्रच हाय ना!" एवढंच उत्तर मिळतं.

मी मन लावून काठीचा अभ्यास केला. मोबाईलवर मिळतील तेवढे व्हिडिओ पाहिले. बहुतेकांत माणसं बर्फातून डोंगर चढत होती. वर्ध्यात मे महिन्यात बर्फ फक्त रसवंतीत दिसतो, पण शिकलेलं वाया जात नाही अशी माझी तेव्हा श्रद्धा होती.

मग बुधवार पेठेच्या एका गल्लीतलं दुकान गाठलं. काउंटरमागच्या काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"काठी कोणाला?"

"बाबांना. प्रवासाला."

"बाबा कुठायत?"

"घरी. त्यांना काठी नकोय."

"मग बरोबर वेळेला आलात. उंची किती त्यांची?"

"माझ्या खांद्याच्या... म्हणजे तसे माझ्यापेक्षा उंच आहेत."

"वा! निम्मं पुणं आलं यात."

तरी त्यांनी एकेक काठी काढली. चार पायांची काठी छान होती, पण ती रेल्वेच्या डब्यात उभी केली तर टीसी तिचंही तिकीट मागेल असं वाटलं. एकीला बसायची सीट होती. एकीला टॉर्च आणि भोंगा होता. (मांडवात भोंगा वाजला तर वरात आली म्हणून लोक उठून उभे राहतील!) मी प्रत्येक काठी घेऊन दुकानात लंगडत फेऱ्या मारून पाहिल्या.

"ताई," काका शांतपणे म्हणाले, "नाटकाची तालीम असेल तर हॉल पुढच्या चौकात मिळतो."

शेवटी मी घडीची काठी निवडली. वजनाला हलकी, पिशवीत मावणारी, उंची कमीजास्त होणारी, आणि खाली असं रबर की कुठल्याही फरशीवर घसरणार नाही. मी रबर नखाने दाबून पाहिलं, वास घेऊन पाहिला. काकांनी तेवढ्यात डोळे मिटून घेतले.

त्यांनी आतून त्याच काठीचा नवाकोरा नग आणून दिला. प्रत्येक तुकड्यावर प्लास्टिक, मुठीवर प्लास्टिक, आणि खालच्या रबरावर तर रबरबँड लावून घट्ट बसवलेली पिशवी! घरी मी ते काढायला गेले, तर बाबांनी काठी हिसकावून घेतली.

"राहू दे वं! प्लास्टिक दिसलं का मानूस समजते, आत्ताच घेतली. मंजे दुखनं जुनं नाई!"

मी विचार केला आणि खरं सांगते, मला ते पटलं.

गाडीत काठी आईच्या पातळात गुंडाळून बॅगेच्या तळाशी निजली आणि बाबा बर्थ धरून, खिडकी धरून, एकदा तर चहावाल्याला धरून चालले. सकाळी वर्ध्याला उतरलो आणि गुडघ्याने संप पुकारला. बाबा प्लॅटफॉर्मवर उभे ते उभेच. बाहेर मोठ्या काकांची गाडी येऊन थांबली होती.

"काढ तुही काठी," बाबा पडेल आवाजात म्हणाले.

माझ्या शिक्षणाचा क्षण आला होता! मी बॅग उपसली, काठी खटाखट जोडली आणि म्हणाले, "बाबा, नीट बघा. दुखतो उजवा पाय, म्हणून काठी डाव्या हातात. सगळा भार बिनधास्त टाकायचा. हे रबर घसरूच शक..."

माझ्या पाठीला फरशी लागली तेव्हाही मी 'शकत नाही' म्हणत होते, असं आई सांगते.

काठी पार बाकाखाली गेली. माझा डावा घोटा बघता बघता बटाटेवड्याएवढा झाला. एक हमाल म्हणाला, "ताई, पिशवी तं काढाची!"

आणि मग आमच्या घराच्या इतिहासात कधी न घडलेली गोष्ट घडली. बाबांनी काठी ओढून घेतली आणि खाली बसता येत नव्हतं म्हणून उभ्याउभ्याच दातांनी प्लास्टिक फाडलं. रबराचं, मुठीचं, सगळं. आईच्या तोंडून हुंकार निघाला.

"घे," बाबा म्हणाले. "टेक अन् चाल."

माझ्या उजव्या हातात काठी, डाव्या खांद्यावर बाबांचा हात. मी त्यांना धरलं होतं की त्यांनी मला, ते आम्हालाही कळत नव्हतं. असे आम्ही मांडवात शिरलो, तर काका धावतच आले.

"अरे, काय झालं पोरीले?"

"पडली टेशनावर," बाबा छाती काढून म्हणाले. "मीच धरून आनलं तिले एवढ्या दूर."

"वा रे माह्या भावा!" काकांनी बाबांची पाठ थोपटली आणि मला म्हणाले, "बाप हाय म्हून आली तू!"

बाबांचा गुडघा लग्नभर कुणालाही दिसला नाही. सगळ्या आत्या-काकवा माझ्या घोट्याला हळद लावत होत्या.

आता माझा घोटा बरा आहे. बाबा मात्र रोज संध्याकाळी खडकीत ती काठी टेकत फिरायला जातात आणि कुणी विचारलंच तर म्हणतात, "पोरीची हाय. तिले लागते अधूनमधून, म्हून वापरात ठेवतो." शेजारपाजारचे मला जिन्यात थांबवून विचारतात, "पाय कसा आहे आता?"

त्यामुळे मी हल्ली कॉलेजला जाताना कोपऱ्यापर्यंत थोडीशी लंगडते. वळले की नीट चालते.