पुसायचं बटण

कंपनीत तिला सगळे कानबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याने तिला विचारलं नव्हतं आणि तिनेही ते कधी मनावर घेतलं नव्हतं. चोपन्नाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टींवर भांडत बसत नाही, खुर्ची मिळाली तर बसून घेतो.

अकरा वर्षं तिचं काम एकच. विमानातला नारिंगी डबा, म्हणजे लोकांचा ब्लॅक बॉक्स, आला की कॉकपिटमधलं बोलणं ऐकायचं आणि शब्दन् शब्द टाइप करायचा. खोकला, सुस्कारा, काहीही गाळायचं नाही. डबा यायचा तो बहुधा विपरीत घडून गेल्यावरच. बैल गेला नि झोपा केला, असली ही नोकरी, असं ती स्वतःच म्हणायची.

गेल्या वर्षी कंपनीने अठरा विमानांवर नवी यंत्रणा बसवली. आता विमान उडत असतानाच त्याचे आकडे दर सेकंदाला तिच्या बिनखिडकीच्या खोलीत येऊन पडत. एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला की कॉकपिटचा आवाजही सुरू व्हायचा. मग तिने ऐकायचं आणि पंधरा मिनिटांत अहवाल वर पाठवायचा. शिफ्टची जोडीदारीण आजारी पडली, तेव्हापासून तीन आठवडे ही एकटीच दोन शिफ्टा ओढत होती. घरी जायची ती फक्त कपडे बदलायला, असं म्हटलं तरी चालेल.

वैमानिकांची एक जुनी रीत होती. विमान उतरवून ब्रेक लावला की रेकॉर्डर पुसायचं बटण दाबायचं, आणि मग साहेबांच्या नावाने मनसोक्त बोटं मोडायची. नव्या यंत्रणेत ते बटण विमानातलं रेकॉर्डिंग तेवढं पुसायचं. जमिनीवर पोचलेलं पोचलं, आणि पुढचंही पोचतच राहायचं. बैठक घेऊन हे सगळ्यांना सांगितलं, सह्या घेतल्या. पहिल्या रांगेत बसून सही करणाऱ्यांत तिचा दादाही होता. कंपनीतला सगळ्यात जुना कप्तान, निवृत्तीला सात महिने राहिलेला.

वडील गेले तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि दादा एकोणीसचा. तिची फी, तिचं आजारपण, तिचं लग्न, सगळं त्यानेच निभावलं. सायकल शिकवताना मागे धावत म्हणायचा, मागचं मी बघतो, तू पुढे बघ. अलीकडे चहा ओतताना त्याच्याकडून कपाबाहेर सांडायचा. तिने ते थकव्यावर ढकललं होतं. तिला सगळंच थकव्यावर ढकलायची सवय लागली होती.

त्या दुपारी पडद्यावर लाल पट्टी आली. एक विमान जोरात आदळून उतरलं होतं. तिने हेडफोन चढवले. चाकांची घरघर, मग ब्रेक, मग बटणाचा टिक असा आवाज. असं उतरल्यावर तर ते दाबायलाच नको होतं, पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. त्यानंतर आवाज आला तो दादाचा.

"शेवटच्या शंभर फुटांत मला धावपट्टीच्या कडा दिसल्याच नाहीत. तू आकडे वाचलेस, त्यावर उतरवलं."

को-पायलट बाई चाचरत म्हणाल्या, डोळे दाखवायला हवेत. दादा म्हणाला, सात महिने सांभाळून घे.

तेच विमान चाळीस मिनिटांनी, एकशे साठ माणसं घेऊन, पुन्हा उडणार होतं. चालवणार दादाच. अहवाल पाठवला तर चाळीस वर्षांची नोकरी अशी संपणार, तीही सख्ख्या बहिणीच्या हातून. नाही पाठवला तर ती एकशे साठ माणसं. इकडे आड, तिकडे विहीर. तिला दादाचा राग आला, यंत्रणेचा आला, आणि सगळ्यात जास्त आला तो आजारी जोडीदारणीचा, जिचा यात काडीचा दोष नव्हता.

चार मिनिटं गेल्यावर तिने कॉकपिटला फोन लावला.

"दादा, मी बोलतेय. ते बटण आता इथलं पुसत नाही."



"तूच आहेस होय," तो म्हणाला.

"पोट बिघडलं म्हणून खाली उतर. मी धक्क्याचं तेवढं लिहीन. बाकीचं..."

त्याने फोन ठेवला. हेडफोन मात्र चालूच होते. दुसरा कप्तान पाठवा, असं त्याने को-पायलटला कळवायला सांगितलं. पट्टा सुटल्याचा आवाज आला, बॅगेची चेन ओढल्याचा आला. मग तो कुणालाच उद्देशून नसल्यासारखा बोलला.

"ऐकतेयस ना? पोटाबिटाचं काही लिहू नकोस. डोळ्यांचं लिही. बोललो ते जसंच्या तसं लिही." दार उघडल्याचा आवाज आला. "आणि घरी जाऊन झोप जरा. आवाज किती थकलाय तुझा."

तिने अहवाल उघडला. धावपट्टीच्या कडा, शंभर फूट, सात महिने, स्वतःचा फोन, सगळं शब्दन् शब्द टाइप केलं. मधे दोनदा चष्मा पुसावा लागला. शेवटच्या दोन वाक्यांपाशी ती थांबली. अकरा वर्षांत कधी एक खोकला गाळला नव्हता तिने. ती दोन वाक्यं मात्र तिने गाळली आणि अहवाल पाठवून दिला.