हाताला कोमट

नळकामाच्या धंद्यात माझ्या बाबांना सगळे थर्मामीटर म्हणत, आणि त्यांनाही ते नाव आवडे. गिझरची तक्रार आली की पिशवी खाली ठेवून ते आधी डोळे मिटत आणि पाइपला हात लावत. गार पाण्याचाच पाइप गरम लागला, तर झडप गेलीय, पाणी उलटं फिरतंय. गरम पाण्याचा कोमट लागला, तर कुठल्या तरी मिक्सरच्या नळातून गार पाणी घुसतंय. टाकी गुरगुरली, तर कॉइलवर क्षार साचलेत. मोजायची यंत्रं घेऊन हिंडणाऱ्यांची ते टिंगल करत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. स्वभाव हेकट, पण निदान सहसा चुकायचं नाही.

आईला पक्षाघात झाला तेव्हा तिची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. अंघोळीला बाई ठेवू म्हटलं, तर बाबांनी मलाच झाडलं. तीस वर्षं जगाच्या अंघोळीची सोय केली, आता बायकोची जमणार नाही का, म्हणे. रोज सकाळी ते तिला स्टुलावर बसवत. पहिला मग नेहमी उजव्या पायावर, कारण पाणी गार निघालं तरी त्या पायाला कळणार नाही आणि ती दचकणार नाही. आई डोळे मिटून बसे. दिवसभरात तिचा चेहरा तेवढाच वेळ सैल पडायचा.

एकदा बाबा कुरकुरले की गिझर पाणी कोमट देतोय. त्यांनी थर्मोस्टॅट थोडा चढवला. आठ दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा चढवला. मग चांगली कॉइल काढून नवी घातली. एका रविवारी भांडी घासताना माझा हात पोळला. मी म्हटलं, पाणी फार कढत येतंय. ते हसले, तुम्हा ऑफिसवाल्यांचे हात कागद चाळणारे, तुम्हाला काय कळणार. मी गप्प बसले. मिस्त्रीला गिझर शिकवायला मी कोण? आजही ते गप्प बसणं मला खातं.

त्याच आठवड्यात त्यांनी बादलीत हात घातला, पाणी बेताचं आहे असं ठरवलं आणि आईच्या उजव्या पायावर मग ओतला. त्या पायाला काहीच कळलं नाही. दुसरा मग ओतला. तिसऱ्याचे शिंतोडे डाव्या पायावर उडाले, तेव्हा ती किंचाळली.

डॉक्टरांनी आईच्या पायाला मलमपट्टी केली आणि मग बाबांचाही हात भाजलेला पाहून त्यांना तळवे पुढे करायला सांगितले. सुई टोचली, बाबा दुसरीकडे बघत राहिले. रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं हातांची जाणीव कधीच गेली होती. गिझर पहिल्यापासून ठीक होता. त्यांनी बिघाड स्वतःचे हात सोडून बाकी सगळीकडे शोधला होता.

तेव्हापासून बाबांनी न्हाणीघराचा उंबरा ओलांडला नाही. कामंही सोडली. आईला मी अंघोळ घालू लागले. पाणी अगदी बरोबर असायचं, तरी ती अंग आखडून बसायची आणि दाराकडे बघत राहायची. दाराबाहेर बाबा उभे असत. जखम भरली, पण आई खाईनाशी झाली. मला राग यायचा, दोघांचाही.

शेवटी एक दिवस आईला स्टुलावर बसवून मीच बाबांना हाताला धरून आत आणलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. दार अर्धवट उघडं होतं. आईनं आपला डावा हात बादलीत बुडवला, जरा थांबली आणि मान डोलावली. बाबा हलेनात. तेव्हा तिनं त्यांचं मनगट पकडून त्यांचा हात पाण्यात ओढला आणि वर आपला हात ठेवला.

"मला काहीच कळत नाही गं," बाबा म्हणाले. "गरम की गार, काहीच नाही. तुझा हातसुद्धा."

आईनं हात काढला नाही. पाणी गार होईपर्यंत दोघं तशीच बसून होती.