सिलेंडर आनाचं हाये

पोंभुर्ण्यात माझं खात्यातले पैसे काढून द्यायचं छोटं दुकान आहे. बायकांच्या खात्यात सरकारचे महिन्याचे पैसे जमा झाले की जंगलाकडच्या गावातली एक बाई हमखास येते. मशीनवर ठेवण्याआधी अंगठा पदराला पुसते, पैसे घेते आणि "बरं हाये, भाऊ" एवढंच म्हणून निघते. जास्त बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.

या हिवाळ्यात तिच्या शेजारणीला जंगलात सरपण गोळा करताना वाघानं मारलं. त्यानंतर ती आली तेव्हा नवरा सोबत होता. नोटा दिसताच त्यानं हात पुढं केला.

"दे इकडे. मोबाईलचा हप्ता भराचा हाये."

"नाई. सिलेंडर आनाचं हाये."

"काऊन? जंगलातल्या काड्या सरल्या का?"

"मंग उद्यापासून काड्याले तुमी जा," ती आवाज न चढवता म्हणाली. "मी नाई जात आता."

नवऱ्यानं पुढं केलेला हात मागं घेतला.

"सायकल आनतो," तो म्हणाला. "सिलेंडर जड रायते."

नोटा पदराच्या गाठीत बांधत ती त्याच्याआधी पायऱ्या उतरली.