वर इंग्रजी दळून राह्यले

चक्कीत पीठ कोणी मुद्दाम सांडत नाही, तरी ते साचतं. खिडकीच्या गजांवर, बंद घड्याळावर, बाबांच्या भुवयांवर. एखाद्या दिवशी सहज बोट फिरवावं तर कळतं, अरे, केवढं झालं! आमच्या गच्चीवरचे किस्से असेच साचले. तेव्हा वाटायचं, इथे नुसता अभ्यास चाललाय.

अभ्यास करणारे तिघं. माझी प्रणालीताई, तिची कॉलेजपासूनची मैत्रीण रुकय्याताई, आणि तळेगावहून येऊन वर्ध्याशेजारच्या बोरगाव मेघेत आमच्याच गल्लीत खोली घेतलेला अंकुशदादा. तिघांना एमबीएची एन्ट्रन्स द्यायची होती. गणित तिघांचंही बरं होतं. गाडी अडायची ती व्हर्बल रीझनिंगला. मी नववीत आणि इंग्लिश मीडियमची, म्हणून प्रश्न मोठ्याने वाचायचं काम माझ्याकडे आलं. आता मी अशी मुलगी, की हजेरीच्या वेळी 'प्रेझेंट' मनातच म्हणते आणि गैरहजर लागते!

खाली बाबांची चक्की, वर आमची गच्ची. पहिल्याच दिवशी मी वाचायला सुरुवात केली आणि अंकुशदादा म्हणाला, "मॅडम, तुमचा आवाज लयच बारीक दळून येऊन राह्यला. जरा जाडा काढा ना!"

सगळे हसले. मी लाजले. आवाज आणखी बारीक झाला.

"घ्या, आता तर मैदाच झाला!" रुकय्याताई म्हणाली.

तेवढ्यात खालची घरघर एकदम थांबली. गच्ची इतकी शांत झाली की दूरच्या लिंबावरचे पोपट ऐकू आले. आणि खालून बाबांचा आवाज आला. ते एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "बसा जरासक. वर इंग्रजी दळून राह्यले पोट्टे."

*

अंकुशदादाचा एक स्वभाव होता. पुस्तकातलं उत्तर त्याला पटलंच पाहिजे.

एकदा विधान होतं, 'दारावर पाटी आहे, कृपया बेल वाजवा.' यामागचं गृहीतक ओळखायचं होतं. मी पर्याय वाचले. घरात कोणीतरी आहे. बेल चालू आहे. येणाऱ्याला वाचता येतं. वगैरे.

"यातलं एकही नाई," अंकुशदादा म्हणाला. "आमच्या तळेगावात कोणी बेल वाजवते का? लोक सरळ चुलीपर्यंत येतेत. बेल वाजली की माही माय घाबरते. तर गृहीतक काय? येणारा ओळखीचा नाई!"

"हा ऑप्शन नाही दिलेला," ताई म्हणाली.

"मंग ऑप्शन ई लिहा."

"अरे, ई नसतोच!"

"हेच तं! म्हणूनच माह्यावाला नंबर लागून नाई राह्यला!"

*

ताईचा नंबर लागणं मात्र गरजेचं होतं. सेलूच्या आत्याने एका पतसंस्थेत तिच्यासाठी क्लार्कची जागा बोलून ठेवली होती. यंदा एन्ट्रन्स निघाली तर ताई शिकायला जाणार, नाही निघाली तर पतसंस्थेत बसणार, असं घरात ठरलं होतं. विषय निघाला की ताई गच्ची गाठायची. पाण्याच्या टाकीला टेकून बसायची आणि आकाशाकडे बघत पेन्सिल चावायची. तिची प्रत्येक पेन्सिल कुरतडलेली असायची, जणू घरात एखादी हुशार खार आहे.

एका संध्याकाळी आम्ही 'लेखकाचा सूर ओळखा' हे प्रश्न करत होतो आणि आत्याचा फोन आला. ताईने स्पीकर लावला.

"मले काई घाई नाई बाप्पा," आत्या म्हणाली. "तुह्या सवडीनं सांगजो. फक्त म्हटलं, जागा भरून राह्यली. बाकी काई नाई."

फोन ठेवल्यावर रुकय्याताईने लगेच प्रश्न टाकला, "चला, आत्याचा सूर सांगा!"

"पर्सुएसिव्ह," ताई म्हणाली.

"थ्रेटनिंग," अंकुशदादा म्हणाला.

मी हळूच म्हटलं, "ॲम्बिव्हॅलंट." हा शब्द मला फार आवडायचा. त्याचा अर्थ दोन्हीकडे ओढ असणं, आणि तो उच्चारताना तोंडही दोन्हीकडे जातं.

आई दोरीवरचे कपडे काढत होती. ती मागे न वळताच म्हणाली, "तिची दाढ दुखून राह्यली."

दुसऱ्या दिवशी आत्याने दाढ काढली.

*

आईमुळे एक नियमच मोडला. उलटसुलट दिलेली वाक्यं ओळीने लावायची असतात. त्यात रुकय्याताईने एक युक्ती शोधली होती. ज्या वाक्याची सुरुवात 'तो', 'ती', 'ते' अशी होते ते पहिलं वाक्य असूच शकत नाही. आधी माणसाचं नाव यायला हवं, मग सर्वनाम.

आई चहा घेऊन वर आली आणि सांगायला लागली, "ते म्हणत होते की चक्कीचा पट्टा बदलावा लागते. मंग ते हिंगणघाटले गेले. ते तिथं भेटले तं ते म्हणाले, उद्या या."

"थांबा, थांबा," रुकय्याताई म्हणाली. "काकू, पहिल्या वाक्यात नाव पाहिजे. ते म्हणजे कोण?"

"ते म्हणजे ते."

"आणि हिंगणघाटला भेटले ते?"

"ते दुसरे. ते पट्टेवाले."

"मग नाव घ्या ना एकदा!"

आईने पदर नीट केला. बाबांचं नाव ती अजून घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. ती म्हणाली, "अव, पट्टेवाले गावात लय असतीन. या घरात 'ते' एकच हाय!"

तेव्हापासून आमच्याकडे सर्वनामाने सुरू होणारं वाक्य दिसलं, की अंकुशदादा म्हणायचा, "हे काकूनं लिहिलं. सोडा."

*

ताईचा खरा त्रास वेगळाच होता. तिला पॅसेज आवडायचे.

ते पॅसेज कुठले कुठले असायचे. बर्फाखालच्या तळ्यांबद्दल, जुन्या नकाशांबद्दल, झाडं मुळांनी एकमेकांना काय कळवतात त्याबद्दल. मी वाचायची आणि ताईची नजर विरघळत जायची. मग प्रश्न आला की ती दचकून विचारायची, "हो, पण पुढे काय झालं त्यांचं?" पुढे काहीच नसायचं. पॅसेज कुठूनतरी फाडून आणल्यासारखे असतात. त्यांना डोकं नसतं, शेपूट नसतं.

एकदा देवमाशांचा पॅसेज निघाला. ते समुद्रात गातात, आणि एकाचं गाणं दुसरा शिकतो, दुसऱ्याचं तिसरा, असं करत ते गाणं अख्खा महासागर ओलांडतं. मी वाचत होते. ऊन टाकीमागे उतरलं होतं. चक्कीतून उडालेलं पीठ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होतं आणि खालची घरघर खूप खोल पाण्यातून आल्यासारखी वाटत होती. वर्ध्याहून समुद्र किती लांब आहे हे मला भूगोलात पाठ आहे. पण त्या दिवशी तो गल्लीच्या टोकाशी, किराणा दुकानाच्या मागेच असावा असं वाटलं.

मी थांबले. ताईची पेन्सिल तोंडातच राहिली होती.

"प्रश्न वाचू?" मी विचारलं.

"नको," अंकुशदादा म्हणाला. "अजून एकडाव तेच वाच. उत्तरासाठी नाई. असंच."

मी पुन्हा वाचलं. मोबाइलवरचा टायमर वाजून वाजून थकला. त्या दिवशी आमचा स्कोअर शून्य आला आणि कोणालाच वाईट वाटलं नाही.

*

परीक्षेच्या आधी रुकय्याताईची अम्मी आम्हा सगळ्यांना गिरडला घेऊन गेली, टेकडीवरच्या दर्ग्यात. पायऱ्या चढताना खूप वारा होता. रुकय्याताईच्या ओढणीचं एक टोक सारखं पुढे धावत होतं, जणू तिलाच आधी पोहोचायचंय.

तिथे सुपारीसारखे गोल दगड मिळतात. अम्मीने त्यांची गोष्ट सांगितली. एक व्यापारी गाड्यांवर माल घेऊन चालला होता. दर्ग्याच्या बाबांनी विचारलं, "काय आहे पोत्यात?" त्यातलं काही द्यावं लागू नये म्हणून तो खोटं बोलला, "दगड आहेत." बाबा म्हणाले, "बरं, दगड तर दगड." पुढे जाऊन त्याने पोती उघडली तर खरंच दगड!

अंकुशदादा लगेच सावरून बसला. "आता सांगा, खालीलपैकी कोणत्या विधानानं हा युक्तिवाद कमजोर होते?"

"मन्नतीच्या जागी तरी वीकन नको ना करू रे!" रुकय्याताई ओरडली.

मग सगळ्यांनी डोळे मिटून काय हवं ते मागितलं. उतरताना ताईने विचारलं, "कोणी काय मागितलं?"

"मी तं 'ऑल ऑफ द अबव्ह' मागून टाकलं," अंकुशदादा म्हणाला.

"आणि तू गं, छोटे?"

मी डोळे मिटून बराच वेळ उभी होते. ताईचं व्हावं असं म्हणायला गेले, तर डोळ्यांपुढे रिकामी गच्ची आली. ती इथेच राहावी असं म्हणायला गेले, तर तिच्या कुरतडलेल्या पेन्सिली आठवल्या.

मी म्हटलं, "कॅनॉट बी डिटरमाइन्ड."

सगळे हसले. ताई हसली नाही. तिने माझा हात धरला आणि शेवटच्या पायरीपर्यंत सोडला नाही.

*

ताई लेखी परीक्षेत पास झाली. मग पुण्याच्या एका कॉलेजची मुलाखत आली, ऑनलाइन. ताई वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर बसली, मी दाराआड. पडद्यावर तीन प्राध्यापक होते. मधल्यांनी इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घराजवळ चांगली नोकरी तयार आहे. मग ती सोडून तुम्हाला इथे का यायचंय?"

याचं उत्तर रुकय्याताईने तिच्याकडून घोटून घेतलं होतं. लीडरशिप, एक्स्पोजर, ग्रोथ. पण प्रश्न ऐकून ताई पडद्यापलीकडे कुठेतरी बघायला लागली, देवमाशांच्या वेळी बघायची तशी. आणि स्वतःशीच, पण चांगलं मोठ्याने म्हणाली, "काऊन?"

मधले सर गडबडले. "कौन? जी, मैं... मैं मार्केटिंग पढ़ाता हूँ."

ताईने घाबरून नमस्कार केला.

डावीकडच्या मॅडमना वाटलं आता आपली पाळी. त्या म्हणाल्या, "आय टीच फायनान्स." ताईने त्यांनाही नमस्कार केला. तिसऱ्या सरांचा आवाज बंद होता. त्यांनी घाईघाईने माइक सुरू केला आणि आपलं नाव, गाव, विषय, सगळं सांगितलं!

मग ताईला हसू आवरेना. तिने इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे काऊन म्हणजे कोण नाही, काऊन म्हणजे का. मी तुम्हाला नाही, मलाच विचारत होते.

मधले सर खुर्चीत मागे टेकले. म्हणाले, "अच्छा! तो फिर बताइए. काऊन?"

ताईने काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. नेमकी तेव्हाच आईच्या कुकरची शिट्टी झाली. नंतर विचारलं तर ताई म्हणाली, "मलाही नीट आठवत नाही गं. पण खरं होतं."

*

ताईचं झालं. रुकय्याताईला नागपुरात मिळालं. अंकुशदादा पुन्हा तयारीला लागला. आत्याने पेढे खाल्ले, डाव्या बाजूने.

ताई पुण्याला निघाली त्या दिवशी तिची नवी रूममेट तिला घ्यायला स्टेशनवर येणार होती. मुलगी पुण्याकडचीच. गाडीतून ताईने तिला मेसेज केला, "मी येऊन राह्यली."

लगेच तिचा फोन. "अगं, येऊन राहिलीस? कधी आलीस? आणि राहिलीस कुठे? मी इथे प्लॅटफॉर्मवर उभी आहे!"

"अवं, अजून तं दौंडबी नाई आलं!" ताई म्हणाली.

पोहोचल्यावर ताईने हे आम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. आईला मात्र कळेना. "येऊन राह्यली म्हणजे येऊनच राह्यली ना? यात काय हसाले हाय?"

"आई, आपल्याकडे त्याचा अर्थ येतेय, अजून वाटेत आहे. तिकडे त्याचा अर्थ आली आणि तिथेच राहिली."

"एकाच वाक्याचा?"

"एकाच वाक्याचा."

बाबा खाली बसून चाळणीला ठिगळ लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. ठिगळ दाबून बसवलं आणि म्हणाले, "बरं हाय."

दिवाळी झाली. सुटी संपून ताई परत गेली त्यालाही बरेच दिवस झाले. मी शाळेतून आले तर चक्कीवर एक काका गहू घेऊन उभे होते. नेहमीचे.

"जयभीम भाऊ," काका म्हणाले. "मोठी पोरगी गेली काय पुण्याले?"

बाबांनी गहू ओतले. डबा उलटा करून बुडावर दोन थापा मारल्या. एक दाणा अडकला होता, तो बोटाने काढला.

"जाऊन राह्यली," बाबा म्हणाले.

काकांनी वरून येणाऱ्या जिन्याकडे पाहिलं आणि तिला वाट द्यायला जरा बाजूला सरकले.