मूठभर मागे ठेवणाऱ्या मामी

जगात कॉम्प्युटर वापरणारी माणसं दोनच प्रकारची. एक आमच्या चेन्नईच्या घरमालकीणबाई आणि दुसरे उरलेले आपण सगळे. हे मी उगाच फुगवून सांगत नाही. मी तेव्हा पेरुंगुडीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्याच जिवावर पोट भरत होतो. दिवसभर काचेच्या इमारतीत बसून दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी बसमध्ये चेंगरून टी. नगरला परतायचं, हा माझा धर्म. पण घरी येऊन त्या बाईंना नुसतं पाच मिनिटं त्यांच्या कॉम्प्युटरसमोर बसलेलं पाहिलं की वाटायचं, अरे गड्या, आपण पाटीवर अजून श्रीसुद्धा गिरवलेला नाही!

मी साताऱ्याहून नवाच आलेलो. घर दाखवणाऱ्या माणसाने "ओनर मराठीच आहे, सार" असं सांगितल्यावर मी आनंदाने हात जोडून "नमस्कार काकू" म्हणालो. बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काकू नक्को. इथें अस्के मामी म्हणतांत. तूंही म्हण." अस्के म्हणजे सगळे, हे मला दोन दिवसांनी कळलं. त्यांचं घराणं तंजावरकडचं, कित्येक पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. त्यांच्या मराठीत 'झालं'चं 'जालं' व्हायचं, वाक्याच्या शेवटी तमिळ हेल यायचा आणि लाडात आल्या की मी 'कण्णा', म्हणजे बाळ, व्हायचो. शाळेत भूगोल शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. मी राहायला येण्याआधीच्या वर्षी त्यांचे यजमान वारले होते. मुलगा अमेरिकेत. त्यानेच एका सुट्टीत येऊन आईबापांसाठी कॉम्प्युटर घेतला, ईमेल कशी पाठवायची तेवढं शिकवलं आणि तो विमानात बसला.

बाकीचं मामींनी आपलं आपण शोधलं, आणि तेही स्वयंपाकघरातल्या नियमाने. नियम असा, की घरातले सगळे डबे उघडून पाहिल्याशिवाय बाजाराची पिशवी उचलायची नाही. मुलगा गेल्यावर मामींनी एका दुपारी स्टार्टचं बटण दाबलं आणि नव्या सुनेने सासरच्या फडताळातला एकेक डबा उघडावा तसं त्या यादीतलं एकेक नाव उघडून पाहिलं. कळलं ते ठेवलं, नाही कळलं ते पुन्हा उघडलं. मी एकदा मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "मामी, चित्रं काढायला एक फार सुंदर प्रोग्रॅम आहे, आणून देऊ?" तर म्हणाल्या, "असलेलं संपलं काय रे?" नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मी तसलेच कॉम्प्युटर वापरत होतो, पण ॲक्सेसरीजमध्ये कॅल्क्युलेटरच्या पुढे काय असतं हे बघायची बुद्धी मला कधी झाली नव्हती.

आता पेंट घ्या. आपण पेंटमध्ये काय करतो? एक वाकडं घर काढतो, त्याच्यामागे डोंगर काढतो आणि कंटाळून बंद करतो. मामी त्यात कोलम काढायच्या. मार्गळी, म्हणजे आपल्या मार्गशीर्षाच्या आसपासचा महिना, आला की तिकडे पहाटे दारोदारी रांगोळ्यांची चढाओढ लागते, आणि मामींची कोलम तर सगळ्या गल्लीने बघायला यावी अशी. त्या कोलमचा पाव भाग त्या पेंटमध्ये काढायच्या, त्याची नक्कल करायच्या, ती आडवी उलटायच्या, उभी उलटायच्या आणि चारी तुकडे एकमेकांना असे चिकटवायच्या की सांधा दिसेल तर शपथ! मग तेच चित्र पडद्यावर फरशीसारखं पसरायचं. पडदाभर कोलमच कोलम! मी आ वासून उभा राहिलो. मामी म्हणाल्या, "तोंड मीट. माशी जाईल."

एकदा दुपारी मी वर मामींच्या घरी गेलो, तर बाईंचा उजवा हात कोपरापर्यंत चिंचेच्या कोळात आणि डावा हात कीबोर्डवर. दोन बटणं एकदम दाबायची असली की एका हाताने आपली कोण कसरत होते! मामी मात्र आरामात एक बटण दाबून सोडत होत्या, मग दुसरं दाबत होत्या आणि काम बिनबोभाट होत होतं. स्टिकी कीज! शिफ्टचं बटण चुकून पाचदा दाबलं गेलं की जी सूचना येते आणि आपण जिला हाकलून लावतो, ती मामींनी पाटावर बसवून घेतली होती. मुलाची ईमेल आली की त्या ती नोटपॅडमध्ये चिकटवायच्या आणि आंधळ्यांसाठी वाचून दाखवणारी जी सोय आत असते ती चालू करून भाजी चिरायला बसायच्या. तो यंत्राचा नाकातला इंग्रजी आवाज मुलाच्या घरची खुशाली वाचायचा आणि मामी विळीवरून त्याला हुंकार द्यायच्या. डोळे तर त्यांचे गरुडासारखे होते. "मग हे कशाला, मामी?" "डोळे कांद्याकडे हवेत. कान रिकामे होते."

आणि पाण्याची गंमत तर विचारूच नका. त्या वर्षांत टी. नगरात पाणी म्हणजे पाहुणाच, कधी येईल त्याचा नेम नाही. मामींनी कॉम्प्युटरचा पडदा सरळ जिन्याच्या खिडकीकडे तोंड करून ठेवला, आणि काही वेळ हात लावला नाही की आपोआप सरकणारी अक्षरं येतात ना, त्यात मजकूर घातला. मी बसमधून उतरून दमून जिना चढतोय, तर खिडकीतून भली मोठी लाल अक्षरं, लिपी इंग्रजी, भाषा मराठी, माझ्या अंगावर सरकत यायची: पाणी आलं, बादल्या लाव. एके दिवशी त्याच ठिकाणी आलं: तुझे कपडे वाळले, घडी केली नाही. गल्लीतल्या लोकांना मराठी येत नव्हतं हे माझं नशीब.

पण या सगळ्याच्या वरताण जे होतं, ते मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खुर्चीवरून पडायचाच बाकी होतो. मामींनी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. नेहमीची टणटण वाजायच्या जागी आतून एक जाड, घोगरा पुरुषी आवाज म्हणाला, "आलीस काय ग? बैस." मी मागे वळून पाहिलं. खोलीत कोणीच नव्हतं. मामी शांतपणे म्हणाल्या, "घाबरूं नको. मामा आहेत."

म्हणजे त्यांचे यजमान. मुलाशी बोलायला माईक आला होता, आणि आवाज टिपायची सोय कॉम्प्युटरमध्ये होतीच, एका वेळी एका मिनिटाची. कॉम्प्युटर सुरू झाला, चुकला, टपाल आलं, म्हणजे कोणता आवाज वाजवायचा हे आपल्याला ठरवता येतं, हेही मामींनी डबे उघडता उघडता शोधून काढलेलं. मग काय, मामांना धरून बसवलं आणि एकेक वाक्य बोलायला लावलं. चूक झाली की मामा ओरडत, "अय्यो! हें काय केलंस?" कचऱ्याची टोपली रिकामी केली की सुस्कारा सोडत, "गेलं एकदाचं!" ईमेल आली की, "टपाल आलं, टपाल!" आणि कॉम्प्युटर बंद करताना, "पुरे जालं. जेवायला वाढ." हे सगळं दोघांनी चेष्टेत केलेलं. पुढे काही महिन्यांत मामा गेले. त्यांचा दुसरा कुठलाही आवाज कुठेच टिपलेला नव्हता. तेव्हा माणसं आपल्या माणसांचे फोटो काढत, आवाज कोण ठेवतो? एवढी पाच वाक्यं, बस. मामी रोज सकाळी आंघोळ करून कॉम्प्युटर लावायच्या, काम असो वा नसो. आणि मला ठाऊक आहे, कधी कधी त्या मुद्दाम चुकायच्या.

आता त्या रविवारचं सांगतो. अंबत्तूरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मामींचा भाचा इंजिनियर होता. मुलगा सोन्यासारखा, फक्त हात शिवशिवणारा. त्या दिवशी तो आला तेव्हा मी जादा कामाला ऑफिसात गेलो होतो, आणि मामी देवळात. भाच्याने पाहिलं की आत्याचा कॉम्प्युटर गोगलगाईसारखा चालतोय, व्हायरस शिरलाय. त्याला वाटलं, आत्याला खूश करू. माय डॉक्युमेंट्समधलं सगळं त्याने नीट सीडीवर काढून घेतलं, कॉम्प्युटर सपाट पुसला आणि नव्याने सगळं घालून ठेवलं. कोलम सुखरूप, मुलाच्या ईमेली सुखरूप. पण मामींचा पडला स्वयंपाकघराचा खाक्या. तांदूळ तांदळाच्या डब्यात, डाळ डाळीच्या. म्हणून मामांचे आवाज त्यांनी डॉक्युमेंट्समध्ये ठेवलेच नव्हते. कॉम्प्युटरचे बाकीचे आवाज ज्या फोल्डरात असतात त्यातच ते नीट शेजारी ठेवलेले. तिकडे कोण बघतो?

मी संध्याकाळी परतलो तेव्हा खिडकीत सरकती अक्षरं नव्हती. वर गेलो. भाचा भिंतीला टेकून उभा, तोंड पांढरंफटक. मामी खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्यादेखत कॉम्प्युटर बंद करून पुन्हा लावला. टणटण अशी ती कंपनीची गोड धून वाजली. मामींनी मला विचारलं, "हा कोण रे?"

मी म्हणालो, "मामी, पुसलेलं परत काढणारे प्रोग्रॅम असतात. ऑफिसातून आणतो, बघतो प्रयत्न करून." म्हणालो खरा, पण वर सगळं नवं घातल्यावर खाली काय उरलं असणार हे मला कळत होतं. मामींनी मान हलवली. "बाहेरचं नक्को. आधी घरांत बघूं." आणि त्यांनी शोधायची खिडकी उघडली. त्या काळी तिच्यात कोपऱ्यात एक कुत्रा बसलेला असे. मामींनी त्याला आवाजाच्या फायली शोधायला सांगितलं. तो बिचारा शेपूट हलवत हुंगत राहिला, आम्ही तिघं श्वास रोखून त्या कुत्र्याकडे बघत राहिलो. यादी आली. सगळ्या परक्या टणटणी.

भाचा रडकुंडीला आला. "आत्या, मी अस्कं क्लीन केलं, चांगलं होईल म्हणून..." मामी गर्रकन वळल्या. इतका वेळ दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. "अस्कं? अस्कं कसं केलंस? आईनं शिकवलं नाही तुला? तांदूळ संपले म्हणून डबा कोणी रिता करतो काय? मूठभर मागे ठेवायचं रे, मूठभर मागे..." आणि बोलता बोलता त्या थांबल्या. तोंड तसंच उघडं. मग उठल्या आणि जवळजवळ धावत स्वयंपाकघरात गेल्या.

आम्ही मागोमाग. मामींनी तांदळाचा डबा फडताळावरून उतरवला. कोपरापर्यंत हात घातला, तळाशी चाचपलं आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली एक फ्लॉपी वर काढली. मामा ती पाच वाक्यं बोलले त्याच दिवशी, डब्यात जी मूठ कधी काढायची नाही तिच्याखाली त्यांनी ती ठेवली होती. हाताला सवय होती, डोक्याला राहिली नव्हती. "मामा हसले होते मला," त्या म्हणाल्या. "म्हणाले, भात करतांस काय माझ्या आवाजाचा?"

फ्लॉपी म्हणजे आधीच भरवशाची म्हैस, आणि ही तर तांदळात दडपलेली. मी ती पुसून आत सरकवली. ड्राइव्ह घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. मी मनातल्या मनात साताऱ्याच्या सगळ्या देवांना नारळ बोललो. आणि मग, "आलीस काय ग? बैस." मामी खरंच खाली बसल्या, जमिनीवर. पाठोपाठ अय्यो निघालं, टपाल निघालं, गेलं एकदाचंही निघालं. पाचवी फाईल मात्र वाचेना. मी दहा तऱ्हा करून पाहिल्या. फ्लॉपीचा तेवढाच तुकडा खराब झाला होता. 'पुरे जालं, जेवायला वाढ' गेलं ते गेलंच.

मामींनी भाच्याच्या पाठीवरून हात फिरवला, कॉम्प्युटर बंद केला आणि तो मुकाट्याने विझताना पाहत राहिल्या. मग पदर खोचून म्हणाल्या, "चला, वाढतें. कोणी म्हटलं नाही तरी जेवायचं असतंच." त्या दिवशीचं सांबार मला अजून आठवतं. भाच्याला तीनदा भात वाढला.

पुढे मी पुण्याला बदली मागून घेतली. निघायच्या दिवशी खाली ऑटो उभी, सामान लादलेलं, मी वर पाया पडायला गेलो. मामींनी माईक माझ्या हातात दिला. "बंद करायची जागा रिकामी आहे. बोल कांहीतरी." आयुष्यभर बडबड करणारा मी, पण दोनदा माईक तोंडाशी नेला आणि दोनदा खाली घेतला. तो ऑटोवाला खालून भोंगा वाजवतोय. शेवटी घराबाहेर पडताना आपण जे म्हणतो तेच तोंडातून आलं: "येतो, मामी." मामींनी ते लगेच पुन्हा लावून ऐकलं आणि मान डोलावली.

येतो म्हणालो खरा. पण नोकरी, लग्न, घराचे हप्ते. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून गेलं. आता माझ्याकडे नवेनवे कॉम्प्युटर येतात, आणि कुठलाही आला की मी आधी त्याचे सगळे डबे उघडून बघतो. बायको म्हणते, काय शोधताय? परवाच मामींना फोन केला होता. खूप थकल्यात, पण आवाज तोच. कॉम्प्युटर अजून तोच, भाचा येऊन दुरुस्त करतो. "थांब हं, हें बंद करतें," त्या म्हणाल्या, आणि फोनमधून मला लांबून एका पोरगेल्या मुलाचा आवाज आला: "येतो, मामी." मी काही बोलणार तेवढ्यात मामी बोलल्या. मला नाही. फोन बाजूला धरून, त्या आवाजाला, जशा रोज बोलत असाव्यात तशा.

"सावकाश ये, कण्णा."