लिंडेल्वा गीत उचलते

लिंडेल्वा जुलैत जर्मनीहून परत आली आणि आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांचं वेळापत्रक बदललं. सकाळी साडेसहाला ती मागच्या अंगणात धुण्याच्या तारेखाली उभी राहते आणि ओठ फडफडवत घोड्यासारखा आवाज काढते. खालून वर, वरून खाली. मग बराच वेळ नुसतं ‘ऊ’. पलीकडच्या दोन कुत्र्यांना ते सहन होत नाही. ती थांबली की ते थांबतात, ती सुरू झाली की तेही सुरू. तिची आई मामतोलो स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणते, "चार वर्षं गाणं शिकून आली, आणि साथीला कोण मिळालं बघा."

मी भिंतीला भिंत लागून राहते. आमच्या झ्वेलित्शा गावात लग्न झालेल्या बाईला माहेरच्या कुळाच्या नावानं हाक मारायची रीत, म्हणून मोठी माणसं मला मादलोमो म्हणतात. लिंडेल्वा म्हणते माकाझी, म्हणजे मावशी. ती आठ वर्षांची असताना चर्चच्या गायकवृंदात माझ्याच शेजारी उभी राहायची. मागच्या रांगेत तिचे वडील, ताता जेरेमाया, खर्जात गात असायचे.

ते गेले तेव्हा तिची परीक्षा चार दिवसांवर होती. मामतोलोनंच फोनवर सांगितलं, येऊ नकोस, अर्ध्यात परत यायला पाठवलेलं नाही तुला त्यांनी. मातीच्या दिवशी कुणीतरी फोन धरून तिला सगळं दाखवत होतं. तातांचं आवडतं गीत सुरू झालं आणि नेमकं तेव्हाच तिच्याकडचं चित्र गोठलं.

आता डिसेंबरात त्यांच्या थडग्यावरचा दगड उघडायचा होता. गावोगावची भावकी येणार, दगडावरचं ब्लँकेट काढणार, आणि तातांचं ते गीत घरच्याच माणसानं उचलायचं, म्हणजे एकट्यानं सुरू करायचं आणि बाकीच्यांनी त्यात शिरायचं. मामतोलोला सूर नाही. धाकटा भाऊ केप टाउनला, तो तर ओठच हलवतो. म्हणजे लिंडेल्वाच. मातीला नव्हती, तेव्हा दगडाला तरी तिच्या तोंडून गीत उठायला हवं, हे घरात कुणी बोललं नाही. बोलायची गरज नव्हती.

जर्मनीत शिकलेल्या पोरीला एक गीत सुरू करणं काय अवघड, असं आम्हाला वाटत होतं.

ऑक्टोबरात कोपऱ्यावरचे म्हातारे गांत्शो वारले. आठवडाभर त्यांच्या घरी संध्याकाळची प्रार्थना होती. गुरुवारी आम्ही चर्चच्या बायका लाल ब्लाऊज, पांढऱ्या टोप्या घालून गेलो. बाकावर माझ्या एका बाजूला लिंडेल्वा, दुसऱ्या बाजूला आमच्या गायकवृंदातली माभेले, मांडीवर तिची कातडी उशी घेऊन. तीच आमचा ढोल. पाळकांचं वाचन संपलं, क्षणभर शांतता झाली आणि लिंडेल्वानं गीत उचललं.

मी खोटं सांगणार नाही, अंगावर काटा आला. तो आवाज छपराला लागून खाली उतरत होता. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. कुणीच शिरलं नाही. माभेलेचा हात उशीवर वरच्या वर राहिला. गांत्शोंच्या नातीनं फोन काढून चित्रण सुरू केलं. लिंडेल्वा तिसऱ्या ओळीला आमच्याकडे बघू लागली, डोळ्यांनी बोलवू लागली, आणि आम्ही सगळ्या तोंड मिटून ऐकत बसलो. गीत तिनं एकटीनं संपवलं. त्यावर कहर म्हणजे शहरातून आलेल्या एका सुनेनं टाळ्या वाजवल्या. मढ्याच्या घरी टाळ्या. मग त्या बिचारीनं हात शालीखाली लपवले.

बाहेर पडताना माभेले म्हणाली, "पोरी, इतकं छान म्हटलंस की आत शिरायला कुठं दारच सापडलं नाही."

"फार उंच घेतलं का मी?"

"उंच होतं. पण नुसतं उंच असतं तर किंचाळलो असतो आम्ही. आम्हाला काय लाज आहे?"

लिंडेल्वा हसली नाही. आमच्या पुढं झपाझप चालत गेली.

त्यानंतर ती एका जागी बसेना. माझ्याकडे चहाला यायची, कप हातात धरून खोलीभर फिरायची, चहा गार व्हायचा. "माकाझी, दगडाच्या दिवशी असंच झालं तर? तातांच्या समोर मी एकटी गात राहिले आणि सगळे बघत राहिले तर?"

"तर एकटी गा. त्यांना आवडेल."

"नाही आवडणार. त्यांना एकट्यानं गाणारी माणसं आवडायची नाहीत. ते म्हणायचे, तो काय, आंघोळ करतोय का."

हे खरंच होतं.

शनिवारी ती गायकवृंद बसवणाऱ्या टीचर सिदलायींकडे तालमीला येऊ लागली. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, तरी सगळं गाव त्यांना टीचरच म्हणतं. आमचे कागद अजूनही डो-रे-मीच्या अक्षरांतले, त्यांनी स्वतःच्या हातानं उतरवलेले. लिंडेल्वा आता रेघांवरची टिंबं वाचते, त्यामुळे लहानपणी पाठ असलेली अक्षरं तिला बोट ठेवून वाचावी लागत होती, आणि मागून पोरी खिदळत होत्या. टीचरांनी तिला तातांचं गीत उचलायला लावलं. अर्ध्यातच थांबवलं.

"श्वास कुठं घेतलास?"

"घेतला नाही, टीचर. लागतच नाही मला तिथं. ओळ तुटू द्यायची नाही, हेच तर शिकवलं तिकडे."

"तिकडे लोक तिकीट काढून ऐकायला बसलेले असतात. इथं ते ओळ तुटायची वाट बघतात. तुटली की शिरतात." त्यांनी कागद घडी केला. "तू गीत पूर्ण करून हातात देतेस, पोरी. पूर्ण झालेल्या गोष्टीचं माणसानं काय करायचं?"

मग तिनं ठरवून ओळ तोडली. चार शब्द म्हणून थांबली. आम्ही शिरलो, पण लंगडत, पाहुण्यानं बळंच दुसऱ्यांदा वाढून घ्यावं तसं. तिला कळलंच. घरी परतताना म्हणाली, "दया केलीत तुम्ही."

"थोडी केली," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून अंगणातला कार्यक्रम बदलला. चार शब्द, थांबणं. तीन शब्द, थांबणं. आवाज खाली उतरवून तेच. तिचा आवाज खाली उतरला की पातळ व्हायचा, त्यात काही उरायचं नाही. मग ती चिडून एकदम वर जायची, आणि कुत्री सुरू व्हायची.

दगडाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मामतोलोच्या अंगणात आम्ही वीसेक बायका कोबी आणि बटाटे चिरायला बसलो होतो. तीन पायांची भांडी घासून उपडी ठेवली होती. सुऱ्यांबरोबर गाणी चालली होती. लिंडेल्वा गळ्याला मफलर गुंडाळून गाजरं सोलत होती, तोंड बंद.

"डिसेंबरात मफलर," एक जण म्हणाली. "जर्मनीची थंडी अजून अंगातून गेली नाही वाटतं."

"कांद्याची वाफ गळ्यात जाते, ताई."

"मग कांदा तू चीर, लिंडेल्वा, उद्यासाठी रडायची सवय तरी होईल."

सगळ्या हसल्या. लिंडेल्वाही हसली, पण सोललेलं गाजर तिनं पुन्हा सोललं, पेन्सिलीएवढं होईपर्यंत. मामतोलोनं ते तिच्या हातातून काढून घेतलं. "गीत दुसऱ्या कुणाला देऊ का तुझ्याऐवजी?" असं काहीतरी ती पुटपुटली असावी, कारण लिंडेल्वा म्हणाली, "नको आई. नाव छापलंय माझं." कार्यक्रमाच्या कागदावर सातव्या ओळीत होतं: गीत, कन्या लिंडेल्वा. सहाव्या ओळीत मोठे ताता विल्बरफोर्स, पाच मिनिटं.

जेरेमायांचे हे थोरले भाऊ. पाच मिनिटांत त्यांचा घसासुद्धा खाकरून होत नाही.

शनिवारी सकाळी नऊलाच ऊन चढलं होतं. कबरस्तानात मांडव घातलेला, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. ब्लँकेट काढलं, पाळकांनी दगडावरची अक्षरं वाचली, मामतोलो दगडाला हात लावून आली. मग मोठे ताता उभे राहिले. त्यांनी आजोबांपासून सुरुवात केली. गुरांची नावं सांगितली. पंधरा मिनिटांनी जेरेमायांचा जन्म झाला. लिंडेल्वा माझ्या शेजारी बसून कागदाची सुरळी करत होती, उलगडत होती.

"आणि मग तो गेला," मोठे ताता म्हणाले. "आम्ही सगळे आलो. मी म्हातारा, दुखरे गुडघे घेऊन आलो. पण काही जणांच्या परीक्षा असतात. काही जणांना बापापेक्षा..."

आमच्याकडे लांबलेल्या माणसाला ‘आता पुरे’ म्हणत नाहीत. कुणीतरी गीत उचलतं, सगळे उभे राहतात, आणि बोलणाऱ्याला बसावंच लागतं. पण हे माभेलेसारख्या बायकांचं काम. पुतणीचं नव्हे, आणि वडिलांच्या थोरल्या भावावर तर नव्हेच. मी माभेलेकडे पाहिलं. तिचा हात उशीवर गेला होता.

तेवढ्यात शेजारून आवाज आला. मला आधी कळलंच नाही कुणाचा. भांड्यांच्या खडखडाटातून कुणाला तरी हाक मारावी तसा, घशातला, कडेला फाटलेला. लिंडेल्वा अजून खुर्चीतच होती. तिनं तातांच्या गीताचे चार शब्द म्हटले, पाचव्याला दम पुरला नाही. हुंदका होता की राग, देव जाणे.

माभेलेचा हात खाली आला. सगळा मांडव शिरला. खर्जातले पुरुष मागून असे आले की खुर्च्या सरकल्या. सगळे उभे. मोठे ताता बोट वर धरून वाक्य संपवायची वाट बघत राहिले. मग बोट खाली आलं, आणि दुसऱ्या कडव्याला तेही म्हणू लागले, कारण ते गीत चाललं असताना गप्प राहणं त्यांनाही जमण्यासारखं नव्हतं. लिंडेल्वा मधेच कुठंतरी होती. तिचा आवाज मला वेगळा ऐकू येत नव्हता.

गीत संपलं. मोठे ताता बसले, सगळेच बसले. सूत्रं सांभाळणाऱ्या बाईनं कागदाकडे पाहिलं, गोंधळली, आणि वाचलंच, "आता गीत. कन्या लिंडेल्वा."

लिंडेल्वा उभी राहिली. ब्लाऊज सारखा केला, सवयीनं पाठ ताठ केली, खोल श्वास घेतला. आम्ही सगळे तिच्याकडे वळलो, अगदी गांत्शोंच्या घरच्यासारखे, ऐकायला. तिनं आमचे चेहरे पाहिले आणि तो श्वास सोडून दिला.

"माझं झालं," ती म्हणाली, आणि बसली.

जेवणाच्या वेळी मोठे ताता ताट घेऊन आमच्यापाशी आले. "बसवलंस तू मला," ते म्हणाले.

"हो, मोठे ताता."

"जर्मनीत हे शिकवतात?"

"नाही."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि तिच्या ताटातला मांसाचा मोठा तुकडा उचलून आपल्या ताटात ठेवला. तो थोरले म्हणून त्यांचा मानच होता.

ते गेल्यावर लिंडेल्वा माझ्याकडे वळली. जेवत नव्हती, बोटांनी वाफवलेल्या पावाचे तुकडे करत होती. "माकाझी, खरं सांगा. ते माझ्यासाठी शिरले की मोठ्या तातांना बसवायला?"

"मी मोठ्या तातांना बसवायला शिरले," मी म्हणाले. "दुसऱ्या ओळीपासून जेरेमायासाठी म्हटलं. बाकीच्यांचं त्यांना विचार."

ती विचारायला उठली. खरंच उठली. माभेलेच्या खुर्चीपर्यंत गेली, आणि काही न विचारता तिची रिकामी थाळी उचलून धुवायला घेऊन गेली.