चारचे पाच झाले

वसई स्टेशनजवळच्या एका गाळ्यात मी लग्नपत्रिका तयार करते. सांडोरच्या एका घरचं काम आईमुळे आलं होतं. आई पाचूबंदरहून मासळी घेऊन वर्षानुवर्षं त्यांच्याकडे जाते. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा आईनंच सांगून टाकलं, "पत्रिका माझी पोर करील."

नवरीला एक हस्ताक्षरी फॉन्ट आवडला. केसासारख्या रेषा, लांब सुटलेल्या वेलांट्या, मध्येच तुटलेली शिरोरेषा. नावं त्यात फार देखणी दिसायची.

"नावं यात ठेवू, बाकी मजकूर साध्या टाइपात," मी म्हटलं.

"नको ताई, सगळं एकाच हातानं लिहिलेलं वाटू दे."

मी अडून बसायला हवं होतं. पण मलाही तो मोह झाला.

फिकट सोनेरी शाईत पत्रिका छापून आल्या, वाटूनही झाल्या. आमच्या घरची पत्रिका आईनं जेवताना हातात घेतली, लांब धरली, जवळ आणली.

"मिस्सा पाचला हाय नं? मंग मासळीचा लिलाव उरकून जाऊ."

"चर्चमधली प्रार्थना चारला आहे, आई."

"हितं पाच लिवलंय."

मी पत्रिका ओढून घेतली. चारच्या आकड्याची खालची गाठ इतकी नाजूक होती, की शाईत उमटलीच नव्हती. नुसती शेपटी उरली होती, आणि तो सरळसरळ पाच वाटत होता. मॉनिटरवर मोठा करून बघताना मला तो प्रत्येक वेळी चारच दिसला होता.

लग्नाला दहा दिवस होते. दोन दिवस मी गप्प राहिले. लोक विचारून घेतील, असं स्वतःला समजावत राहिले. पण डोळ्यांसमोर चर्चमधले रिकामे बाक येत. तिसऱ्या दिवशी रिक्षा करून सांडोरला गेले.

नवरीची आई अंगणात केळीचा घड उतरवत होती. मी सगळं सांगितलं. ती घरातल्या मुलीला त्यांच्या बोलीत काहीतरी मोठ्यानं म्हणाली. मला एक शब्द कळला नाही.

मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "काळं पेन आहे?"

आम्ही घरोघर फिरलो. मी प्रत्येक पत्रिकेवर चारची गाठ गिरवली. एका घरी म्हणाले, "आम्ही चारच वाचलेलं." पुढच्या दोन्ही घरी पाच. लांबच्यांना नवरीनं फोन केले. रविवारी मिस्सेनंतर फादरांनीही वेळ सांगितली.

लग्नाच्या दिवशी साडेतीनपासून मी चर्चच्या दाराशी उभी होते. चारला बाक भरले तेव्हा कुठे श्वास घेतला.

पाचला, सगळे बाहेर फोटोला उभे असताना, मुलाकडच्या दोन म्हाताऱ्या रिक्षातून उतरल्या. त्यांच्यापर्यंत फोन पोचलाच नव्हता. नवरी झगा सावरत त्यांच्याकडे गेली आणि वाकली. दोघींनी तिच्या कपाळावर क्रूस काढला. मी पुढे होऊन चूक कबूल केली.

"पत्रिका सुंदर आहे गं," त्यातली एक म्हणाली, "पण लग्न बघायचं राहिलं."

हल्ली तो फॉन्ट मी फक्त नावांना देते. तारीख आणि वेळ ठळक, साध्या टाइपात, गिऱ्हाईक रुसलं तरी.